कोकणात राहून फ्रीलान्सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रीलान्सिंग म्हणजे घरून नोकरीच ना?

नाही. घरून नोकरी करणाऱ्याचा मालक एकच असतो. पगाराची तारीख ठरलेली असते आणि लाइट गेली तरी पगार कापला जात नाही. फ्रीलान्सर हा एकट्या माणसाचा धंदा आहे. गिऱ्हाईक शोधणं, दर ठरवणं, काम करणं, बिल पाठवणं, पैशांसाठी मागे लागणं आणि कर भरणं सगळं एकाच डोक्यावर. ज्यांची कामं अडतात त्यांच्यापैकी बहुतेकांचं कौशल्य कमी पडलेलं नसतं. वीज, कागदपत्रं किंवा वसुली यांतलं काहीतरी अडलेलं असतं. म्हणून खाली या तीन गोष्टींनाच जास्त जागा दिली आहे.

हे एवढं वाढलं कधी?

फ्रीलान्स कामं मिळवून देणारं इलान्स हे संकेतस्थळ १९९९ मध्ये सुरू झालं. पुढे २०१३ मध्ये ते ओडेस्कमध्ये विलीन झालं आणि २०१५ पासून त्याचं नाव अपवर्क आहे. फायव्हर हे तसंच दुसरं संकेतस्थळ २०१० मधलं. म्हणजे बाजार जुनाच आहे. आपल्याकडे तो पोचला स्वस्त मोबाइल डेटा, यूपीआय आणि वाडीपर्यंत आलेल्या फायबरमुळे. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेल्या चाकरमान्यांनी पडवीत लॅपटॉप उघडले आणि काम इथूनही होतं हे घरच्यांना प्रत्यक्ष दिसलं. नीती आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालात २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार (पगारी नोकरीऐवजी कामागणिक पैसे घेणारे) असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ते २.३५ कोटी होतील असं म्हटलं आहे. मात्र या आकड्यात डिलिव्हरी आणि टॅक्सी चालवणारेही धरलेले आहेत. तो सगळा डिझायनर आणि प्रोग्रामरांचा समजू नये.

इथे बसून कोणती कामं खरोखर मिळतात?

बाहेरची कामं सगळीकडे सारखीच असतात: वेबसाइट आणि ॲप, ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, हिशेब ठेवणं, भाषांतर आणि सबटायटल, ऑटोकॅड ड्रॉइंग. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

जवळच्या कामाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली, श्रीवर्धन इथल्या होमस्टेंना गूगल नकाशावरची नोंद, चांगले फोटो, बुकिंगला उत्तरं आणि दोन भाषांतलं माहितीपत्रक लागतं. आंबा बागायतदारांना फेब्रुवारीतच ऑर्डर घेणारं साधं पान हवं असतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे पेटीवरच्या लेबलपासून बागेच्या ओळखीपर्यंत सगळं नीट मांडून घ्यायची गरज वाढली आहे. काजू, कोकम, फणसपोळीवाल्या महिला बचत गटांचंही तसंच. या गिऱ्हाइकांची एक खोड असते, पैसे 'सीझन झाल्यावर' देतो म्हणतात. म्हणून आंब्याचं काम डिसेंबरात घ्यावं आणि निम्मी रक्कम तेव्हाच मागावी. मे महिन्यात बागायतदार फोन उचलत नाही, आणि पाऊस लागल्यावर सीझन वाईट गेला म्हणतो.

मराठी मजकुराचं डिझाइन करणाऱ्यांनी फॉन्टची भानगड आधीच सोडवावी. तालुक्याच्या छापखान्यात अजून श्रीलिपीसारख्या जुन्या सांकेतिक फॉन्टमध्ये काम चालतं. मुंबईचा किंवा परदेशातला क्लायंट युनिकोड (कुठल्याही संगणकावर चालणारी अक्षरपद्धत) मागतो. एकातला मजकूर दुसऱ्यात तसाच चिकटवला की जोडाक्षरं फुटतात, आणि 'दर्‍या'तला अर्धा र तर हमखास बिघडतो. फाइल कोणत्या फॉन्टमध्ये हवी हे दर सांगण्याआधी विचारावं. रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन करायला लागणारा वेळ दरात धरावा.

एआयमुळे हे सगळं संपणार का?

तीनशे रुपयांचा लोगो, शब्दाला काही पैसे दराचं भाषांतर आणि सरधोपट लेख यांचं काम आटलं आहे. ते परत येईल या आशेवर बसू नये. यंत्राने केलेलं मराठी तपासून दुरुस्त करणं, बोलीभाषेतलं ध्वनिमुद्रण, जागेवर जाऊन करायचं छायाचित्रण आणि ज्यात चुकीची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते असं हिशेबाचं किंवा तांत्रिक काम टिकून आहे.

इंग्रजी बोलता येत नाही. जमेल?

बोलण्यापेक्षा लिहिणं जास्त लागतं. साधी, छोटी, अचूक वाक्यं पुरतात. कॉल झाल्यावर 'आपलं असं असं ठरलं' हे चार ओळींत मेलवर पाठवायची सवय लावा. न समजलेली गोष्ट तिथेच उघडी पडते.

पहिलं काम कसं मिळवायचं?

तीन नमुने तयार करा. गिऱ्हाईक नसेल तर कल्पित गिऱ्हाईक धरून करा, पण तसं स्पष्ट लिहा. दहा विषयांत पारंगत असल्याचं प्रोफाइल कुणी वाचत नाही. 'होमस्टेसाठी एक मिनिटाचे व्हिडिओ एडिट करून देतो' असं एका वाक्यात काम सांगता आलं पाहिजे. अपवर्कवर बोली लावायला कनेक्ट्स नावाची नाणी खर्च होतात. म्हणून रोज वीस ठिकाणी एकच मजकूर चिकटवण्यापेक्षा तीन ठिकाणी जाहिरात नीट वाचून उत्तर द्यावं. पहिल्या दोन ओळींत गिऱ्हाइकाच्या कामाबद्दल बोला, तुमच्या शिक्षणाबद्दल नाही.

ओळख पडताळणीत अडकणारे खूप असतात. प्रोफाइल, पॅन आणि बँक खातं या तिन्हींवर नाव अक्षरशः सारखं हवं. लग्नानंतर आधार नव्या नावाने, पॅन माहेरच्या नावाने आणि बँकेत फक्त आद्याक्षरं अशी खिचडी असेल तर पहिले पैसे अडकतात. दुरुस्तीला आठवडे लागू शकतात, तेव्हा हे काम सुरुवातीलाच उरका.

दर किती लावावा?

शेजारचा किती घेतो यावरून नको, आपल्या खर्चावरून काढा. उदाहरण म्हणून:

घरखर्च महिना २५,००० म्हणजे वर्षाला ३,००,०००. नेट, वीज, सॉफ्टवेअर, आरोग्य विमा आणि लॅपटॉपची झीज मिळून ६०,०००. कर आणि अडीअडचणीला ४०,०००. एकूण ४,००,०००.

आता तास. ५२ आठवड्यांतून गणपतीचे दोन, शिमग्याचा एक, आजारपण आणि लाइटचे मिळून तीन, सुट्टीचे दोन वजा करा. उरले ४४. आठवड्याला पैसे मिळणारे तास २० धरा. चाळीस धरू नका, कारण बाकीचा वेळ बोली, मेल, दुरुस्त्या आणि वसुलीत जातो. ४४ गुणिले २० म्हणजे ८८० तास. चार लाख भागिले ८८० म्हणजे तासाला सुमारे ४५५ रुपये. हा तळ झाला, याखाली घेतलेलं काम घरातून पैसे घालून केल्यासारखं आहे. फायव्हर २० टक्के कापतं, म्हणून तिथे तोच दर ४५५ भागिले ०.८, म्हणजे ५७० च्या आसपास लावावा लागतो. बरेच जण ४५५ वर २० टक्के वाढवून ५४६ लावतात आणि कपातीनंतर हातात ४३७ पडतात.

'घरबसल्या डेटा एंट्री, महिना ३० हजार' खरं असतं का?

नोंदणी शुल्क, सॉफ्टवेअरचे पैसे किंवा परत मिळणारं डिपॉझिट मागितलं की विषय संपला. काम देणारा कामगाराकडून पैसे घेत नाही. दुसरा प्रकार जास्त वाईट आहे. शेकडो पानं टाइप करून घेतात, 'अचूकता ९५ टक्क्यांखाली' म्हणून नाकारतात आणि मग करारभंगाची वकिली नोटीस पाठवून दंड मागतात. घाबरून पैसे भरू नका. तिसरा प्रकार टेलिग्रामवरचा: व्हिडिओला लाइक करा, पहिले दीडशे रुपये खरंच मिळतात, आणि मग 'टास्क'साठी आपल्याकडून हजारो भरून घेतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी ती फारच कमी.

लाइट जाते. इन्व्हर्टर किती मोठा लागेल?

बारा व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही वीज वाया जाते. म्हणून ११०० ते १२०० वॉट-तास हाताशी आहेत असं धरा. लॅपटॉप ६० वॉट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, एलईडी दिवा ९, साधा पंखा ७०. बेरीज १५४, म्हणजे सात-साडेसात तास. पंखा बीएलडीसी असेल तर तो ३० वॉटच्या आसपास खातो आणि तीच बॅटरी दहा तासांपर्यंत जाते. नवा इन्व्हर्टर घेण्याआधी पंखा बदलून पाहावा, स्वस्त पडतं. इन्व्हर्टर साइन वेव्हच घ्या. स्क्वेअर वेव्हवर ॲडॉप्टर गुणगुणतो आणि तापतो.

फसायला होतं ते चार्जिंगमध्ये. रिकामी बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. पावसाळ्यात वीज मध्येच दोन तास येते आणि परत जाते, त्यामुळे बॅटरी कधी पूर्ण भरतच नाही. तिसऱ्या दिवशी इन्व्हर्टर 'खराब झाला' असं वाटतं. तो खराब नसतो, उपाशी असतो. आगोटीला, म्हणजे पावसाआधी, लाकूडफाटा भरताना बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरून घ्यावं आणि टोकांवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावावं. राउटरला बारा व्होल्टचा वेगळा छोटा यूपीएस लावला तर इन्व्हर्टर संपल्यावरही फोनवरून मेल पाठवण्याइतकं नेट राहतं.

मोठ्या वादळापुढे हे काहीच पुरत नाही. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर रायगडच्या किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नव्हती. मे २०२१ मध्ये तौक्तेने सिंधुदुर्ग-रत्नागिरीत तेच केलं. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा आला की त्याच दिवशी क्लायंटला कळवा, हातातलं काम अर्धं असलं तरी पाठवून ठेवा आणि वीज असलेल्या गावात कुणाकडे जाता येईल ते ठरवून ठेवा. आधी कळवलेला उशीर क्लायंट सहसा समजून घेतो. तीन दिवस गप्प राहून मग दिलेलं कारण कितीही खरं असलं तरी बहाणाच वाटतं.

नेट कोणतं घ्यावं? मध्येच बंद का पडतं?

फायबर असेल तर फायबरच, आणि जोडीला दुसऱ्या कंपनीचं मोबाइल सिम. व्हिडिओ कॉलला ३ ते ४ एमबीपीएस अपलोड पुरतं. डाउनलोडचा मोठा आकडा जाहिरातीसाठी असतो, तुम्ही अपलोड तपासा, तेही रात्री नऊला, सगळी वाडी मालिका बघत असताना.

बंद पडलं की फायबरच्या डब्यावरचा 'लॉस' (LOS) दिवा बघा. तो लाल असेल तर प्रकाश तुमच्यापर्यंत पोचत नाही. शेजाऱ्याकडेही लाल असेल तर मुख्य तार तुटली आहे किंवा केबलवाल्याच्या ठिकाणची वीज गेली आहे. फक्त तुमच्याकडेच लाल असेल तर खांबापासून घरापर्यंतची तार माडाच्या झावळीने तुटलेली असते. दिवा लाल नसूनही नेट नसेल तर बिघाड पुढे कुठेतरी आहे, तुम्ही राउटर दहा वेळा चालू-बंद करून काही होणार नाही. घरच्या इन्व्हर्टरइतकाच केबलवाल्याचा इन्व्हर्टर महत्त्वाचा, म्हणून कनेक्शन घेताना त्याच्याकडे बॅकअप किती तासांचा आहे हे विचारा. मोबाइलचंही तेच. टॉवर सड्यावर असतो, त्याच्या बॅटऱ्या काही तास चालतात आणि मग एकदम सगळ्या वाडीची रेंज जाते.

जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंतीतून वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जात नाही. माजघरात काम करत असाल तर २.४ वर जा किंवा सरळ तार ओढा. विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण ॲडॉप्टरमधून येते.

खारी दमट हवा यंत्रांना बाधते का?

बाधते. पोर्ट गंजतात, कॅमेऱ्याच्या लेन्सला बुरशी धरते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेल गुलाबी किंवा हिरवं झालं की तापवून वाळवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहिली पाहिजे. फाइलींच्या तीन प्रती असाव्यात आणि त्यांतली एक घराबाहेर, क्लाउडवर. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी तळमजला बुडवून वर चढलं होतं. लॅपटॉप आणि बॅकअपची हार्डडिस्क एकाच कपाटात असेल तर तो बॅकअप नव्हेच.

करार लागतोच का? व्हॉट्सॲपवर ठरलेलं चालत नाही?

व्हॉट्सॲपवरचा होकार अगदीच निरुपयोगी नसतो, पण भांडणाच्या वेळी शंभर संदेशांतून तो शोधावा लागतो. एक पानाचा मेल पुरतो. त्यात काय देणार, किती दुरुस्त्या (दोन पुरे), तारीख, रक्कम, ३० ते ५० टक्के आगाऊ आणि काम मध्येच थांबवलं तर किती द्यायचे एवढं असावं.

हक्कांचा मुद्दा लोक विसरतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार नोकराने केलेल्या कामाचा मालक त्याचा धनी असतो, पण फ्रीलान्सरच्या कामाचा हक्क लेखी हस्तांतरण होईपर्यंत साधारणपणे फ्रीलान्सरकडेच राहतो. पैसे घेऊन काढलेली छायाचित्रं याला अपवाद आहेत. वेगळं काही ठरलं नसेल तर ती काढून घेणाऱ्याची होतात. हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित' हे एक वाक्य वसुलीला फार उपयोगी पडतं.

भारतातला क्लायंट पैसे देत नाही. काय करायचं?

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करा. आधारवर होते, फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन नोंदवली की अशा वसुलीच्या सुविधा परिषदेकडे जाते. तिथेही वेळ लागतो, तेव्हा आधी बिल, कामाची पोच आणि व्याजाचा आकडा लावून एक सभ्य पत्र पाठवा. आयकराच्या नियमाप्रमाणे मुदतीत न दिलेली अशी रक्कम क्लायंटला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. मार्चमध्ये त्याच्या हिशेबनीसाला याची आठवण करून दिली की बरेच चेक हलतात.

परदेशातून पैसे कसे घ्यायचे?

पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून पैसे मात्र येतात. पेओनियर, वाइझ आणि थेट बँक ट्रान्सफर हे बाकीचे मार्ग. फी वेगळी दाखवतात आणि विनिमय दरातली कपात दाखवत नाहीत, म्हणून 'डॉलर पाठवले किती, खात्यात रुपये आले किती' एवढाच हिशेब करा. पतपेढीतल्या खात्यावर थेट परदेशी रक्कम येणार नाही, जिल्हा बँकेत आधी विचारून घ्या. रकमेचा उद्देश संकेतांक नीट द्या, सॉफ्टवेअर सल्ल्याला तो पी०८०२ आहे. परकीय चलन आल्याचा दाखला दर वेळी उतरवून ठेवा. पाच वर्षांनी मागायला गेलं तर हेलपाटे होतात.

अमेरिकन क्लायंटने डब्ल्यू-८बेन फॉर्म मागितला तर घाबरू नका. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी नाही हे सांगणारा तो कागद आहे. सही केलेल्या वर्षानंतर तीन पूर्ण वर्षं चालतो.

आयकर आणि टीडीएसचं काय?

भारतातला क्लायंट व्यावसायिक फीवर १० टक्के आणि तांत्रिक सेवेवर २ टक्के टीडीएस कापतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५०,००० पर्यंतच्या फीवर कापत नाहीत. पॅन दिला नाही तर थेट २० टक्के. कापलेले पैसे बुडत नाहीत, आयकर पोर्टलवरच्या कपातीच्या नोंदीत (बोलताना २६एएस) दिसतात आणि विवरणपत्र भरलं की वळते होतात किंवा परत येतात. क्लायंटने कापून सरकारजमाच केलं नाही असंही होतं, म्हणून दर तिमाहीला तपासा.

अभियंते, वास्तुविशारद, तांत्रिक सल्लागार अशा ठरावीक व्यवसायांना कलम ४४एडीए लागू होतं. जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची, खर्चाच्या पावत्या सांभाळायला नकोत. मर्यादा ५० लाख, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. लेखक, डिझायनर यांचं काम या यादीत बसतं का यावर मतभेद आहेत, ते सीएला विचारूनच ठरवा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलताना सगळे अजून जुनाच आकडा घेतात. ही पद्धत घेणाऱ्याने आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एका हप्त्यात भरायचा.

जीएसटी कधी लागतो?

महाराष्ट्रात सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की. परदेशी कामाची रक्कमही या २० लाखांत मोजतात. नोंदणीनंतर निर्यातीवर कर शून्य लागतो, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) आरएफडी-११ फॉर्ममध्ये भरावं लागतं. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावणं बेकायदा आहे.

गृहकर्ज मिळतं? पीएफ नाही त्याचं काय?

बँका साधारण दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात. कर शून्य येत असला तरी विवरणपत्र भरा. (मुलीकडच्यांनाही हल्ली तेच दाखवावं लागतं.) पीएफऐवजी पीपीएफ आणि एनपीएस आहेत. आरोग्य विमा स्वतःचा घ्या. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे.

परदेशी क्लायंटसाठी रात्रभर जागावं लागतं का?

दुबई आपल्या दीड तास मागे, लंडन साडेचार किंवा साडेपाच, न्यूयॉर्क साडेनऊ किंवा साडेदहा. अमेरिकेला संध्याकाळी सात ते नऊ दिले तर पुरतात. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनची मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कॉल चुकतात ते याच आठवड्यांत.

गणपतीत काम बंद ठेवलं तर क्लायंट जातो का?

आधी सांगितलं तर जात नाही. तारखा जुलैतच मेलवर कळवा आणि बिलाच्या तळाशीही लिहा. चालू काम चतुर्थीच्या चार दिवस आधी संपवायचं धरा, कारण चाकरमानी उतरले की टॉवरवरची गर्दी वाढते आणि मोठी फाइल वर चढत नाही. तरीही काही पाठवायचंच राहिलं तर पहाटे चार-पाचच्या सुमाराला पाठवा. आरत्या आणि भजनं आटोपून गाव झोपलेलं असतं, तेव्हा नेट मोकळं मिळतं.